कीपॅडचा पाचवा टुक

मित्रांनो, तळहाताएवढा, काळ्या रबराचा, दहा आकड्यांचा एक जुना कीपॅड आज तुमच्याशी बोलतो आहे. माझा मुक्काम एका स्की-बोटीच्या डॅशबोर्डवर, स्टिअरिंगच्या उजव्या हाताला आहे. बोटीला लांब दोर बांधायचा, दोराचे हँडल घट्ट धरायचे आणि पायांत स्की अडकवून बोटीमागे पाण्यावरून सुसाट जायचे, असा हा खेळ. आमच्या बोटीला किल्ली नाही. चार आकडे बरोबर दाबले की माझा हिरवा दिवा लागतो आणि मगच इंजिन सुरू होते.

माझा जन्म एका थंड, लखलखीत खोलीत झाला. माझ्या प्रत्येक बटणाच्या पोटाशी एक काळी टिकली आहे. बटण दाबले की ती खालच्या सोनेरी रेषांना टेकते, तिच्यातून वीज जाते आणि मी ‘टुक’ म्हणतो. बोट उचलले की रबर आपोआप वर येते. एवढीच माझी विद्या. तपासणीच्या टेबलावरच्या बाईंनी माझे एकेक बटण दाबले, मान तिरकी करून प्रत्येक टुक ऐकला आणि मगच मला खोक्यात घातले. इतक्या मन लावून माझे कोणी ऐकते आहे, याचा मला फार अभिमान वाटला होता.

बोटीच्या मालकाने मला मुद्दाम निवडले, कारण त्याच्या आधीच्या बोटीच्या सगळ्या किल्ल्या तळ्याच्या तळाशी पडल्या आहेत. त्याची थोरली बहीण धक्क्यालगतच्या शेडमध्ये बोटी दुरुस्त करते. मला बसवताना ती म्हणाली, “आता काय टाकशील पाण्यात? डॅशबोर्ड?”

मालकाला एक खोड होती. आकडे दाबताना तो ते मोठ्याने म्हणायचा. “तीन! सात! एक! आठ!” आमचे गुपित धक्क्यावरच्या कुत्र्यालासुद्धा पाठ झाले असेल.

पण बोटीवर मला सर्वांत जास्त कौतुक वाटायचे ते मालकाच्या मुलीचे. घरात तिला सगळे ‘बदक’ म्हणतात. तिला जन्मापासून दिसत नाही. चालत्या बोटीमागे पाण्याच्या दोन उंच वळ्या उठतात. त्या वळ्या ठरलेल्या वेळात जितक्या जास्त वेळा ओलांडाल, तितके गुण. वळी जवळ आली की पाण्याचा आवाज बदलतो आणि स्की थरथरते, एवढ्यावरून ती ओळखते. मी डॅशबोर्डवरून मागे पाहतो. मालकाच्या कोपराआडून ती मला दिसते: गुडघे वाकवलेले, हनुवटी वर, चेहरा आवाजाकडे वळवलेला.

वर्षे गेली. ओले हात, घाईची बोटे, भर उन्हाचा तडाखा, सगळे मी सोसले. बोटीचे पत्रे पुसले जात, सीट धुतल्या जात, माझ्यावरून मात्र कोणी साधे फडके फिरवले नाही. सातच्या बटणाच्या कडेला बारीक चीर पडली, तीही कोणाला दिसली नाही.

मग तो दिवस आला. संघात निवड होण्यासाठी बदकच्या गुणांची नोंद करायला परीक्षक बाई आल्या होत्या. नोंदीची मुदत त्याच दिवशी संपत होती आणि दुपारनंतर तळे इंजिनाच्या बोटींना बंद होणार होते. बदक जाकीट घालून तयार होती. मालकाने नेहमीप्रमाणे गर्जना केली, “तीन! सात! एक! आठ!”

लाल दिवा लागला. त्याने पुन्हा दाबले. पुन्हा लाल. तिसऱ्यांदा दिवा लाल झाला तो तसाच राहिला.

मित्रांनो, तीनदा चूक झाली की मी स्वतःला कुलूप लावून घेतो. मग काही मिनिटे मला हात लावायचा नसतो. कोणी एक जरी बटण दाबले, तर ती मिनिटे पुन्हा पहिल्यापासून मोजली जातात. ही युक्ती चोरांसाठी केलेली आहे. घाबरलेल्या घरच्या माणसांचा विचार तिच्यात कोणी केलेला नाही.

मालकाची ती बहीण, म्हणजे बदकची आत्या, मीटर घेऊन धावत आली. तिची रीत पाहण्यासारखी होती. एका वेळी एकच गोष्ट तपासायची, ती पक्की झाली की पुढची. आधी तिने बॅटरी नुसती मोजली, मग पंखा चालू करून मोजली, कारण कामाचा भार पडल्याशिवाय बॅटरीचे खरे कळत नाही. बॅटरी उत्तम. फ्यूज शाबूत. माझ्या मागचा प्लग घट्ट.

“कीपॅडच गेलाय, ताई. काढून टाक, किल्ली बसव,” मालक म्हणाला.

“ही बोट याच्या हिरव्या दिव्याशिवाय हलत नाही. सगळं बदलायचं तर आठवडा जाईल. आता कुलूप सुटेपर्यंत कोणी हात लावू नका.”

ती दुसरा पेचकस आणायला शेडमध्ये गेली. परतली तेव्हा लाल दिवा लागलेलाच होता.

“कोणी हात लावला?”

“मी नाही बुवा,” मालक आकाशाकडे पाहत म्हणाला.

“बाबा, तुझ्या चपलेचा आवाज आला मला,” बदक म्हणाली.

“एकदाच दाबून पाहिलं गं!”

“आणि मीही,” परीक्षक बाई हळूच म्हणाल्या. “म्हटलं, माझ्या हाताला यश येईल.”

आत्याने कपाळावर हात मारला. “शिकलेली माणसं ना तुम्ही? चला, धक्क्यावर जाऊन उभे राहा दोघं.”

सूर्य वर चढत होता. बदकच्या बोटांनी जाकिटाचा पट्टा गच्च धरला होता. अखेर दिवा विझला.

“आत्या, आता तू दाब,” ती म्हणाली. “पण कोणी बोलू नका. बाबा, तू तर अजिबात नाही.”

त्या शांततेत आत्याने चार बटणे दाबली. टुक. टुक-टुक. टुक. टुक. लाल दिवा लागला.

“पाच टुक वाजले,” बदक म्हणाली. “चार दाबलेस आणि पाच वाजले. दुसऱ्याला दोन आले.”

आत्याने एकटा सात दाबला. टुक-टुक.

“एकदा दाबलं की दोनदा लागतंय! इतकी वर्षं बोट चालवतोय हा, पण याच्या गर्जनेपुढे ऐकू काय येणार?”

तिने बॅटरीची तार सोडवली, माझे स्क्रू काढले आणि रबर उचलले. सातच्या चिरेतून काहीतरी पांढरट, चिकट आत गेले होते. रबर त्यात अडकत होते, आणि वर येताना टिकली पुन्हा टेकत होती.

बदकने नाक जवळ नेले आणि ती हसू लागली. “बाबा, तुझं सनक्रीम!”

“भिंतीला रंग द्यावा तसं फासतोस,” आत्या म्हणाली. मालकाने आपले हात शर्टाला पुसले.

स्पिरिटच्या बोळ्याने आत्याने मला आतून पुसले, सुकू दिले, चिरेवर रबराची बारीक पट्टी चिकटवली आणि पुन्हा जागेवर बसवले. टुक. टुक. टुक. टुक. माझा हिरवा दिवा लागला आणि इंजिन घुमले.

त्या दिवशी मी मालकाच्या कोपराआडून पाहिले. बदक एक वळी ओलांडून गेली, परत आली, पुन्हा गेली. परीक्षक बाई मोजता मोजता सीटवरून उठून उभ्या राहिल्या. वेळ संपल्याची शिटी झाली तेव्हा त्यांनी आधी नोंद केली आणि मग टाळ्या वाजवल्या. बदक संघात गेली.

मित्रांनो, तुमच्यासाठी राबणाऱ्या वस्तूंना कधीतरी फडक्याने पुसत जा. आणि एखादी अडून बसली, तर तिला टाकून देण्याआधी घटकाभर गप्प राहून तिचे ऐका. आम्हाला बोलता येत नाही, पण आवाज मात्र आम्ही करतो.

आता मालक हात पुसतो आणि ओठ मिटून आकडे दाबतो. पाण्यात उतरण्याआधी बदक मागच्या सीटवर बसून कान देऊन ऐकते. “चार!” ती ओरडते, आणि मगच तो इंजिन सुरू करतो.