सोबतीला केलेली तपासणी

"बाबा, आटपा ना!"

मुलीने संडासाच्या दारावर पुन्हा थापा मारल्या. आतून आवाज आला,

"अगं, आत्ताच तर बसलोय."

"मघाशीही आत्ताच बसला होतात!"

ओट्याला टेकून उभी असलेली मावशी पोट धरून हसत होती. उद्या सकाळी बापलेकीच्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी होती. त्यासाठी पोट साफ व्हायला हवं, म्हणून दोघांनी संध्याकाळपासून औषधाची पूड कालवलेलं पाणी पेल्यामागून पेला रिचवलं होतं. घरात संडास एकच, हे मात्र कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"भाऊजी," मावशी ओरडली, "ताईलाही रोज सकाळी असंच ताटकळत ठेवायचात. ती बिचारी फिरायला जायला खोळंबायची."

कडी वाजली. सोफे आणि गाद्या शिवण्यात जन्म गेलेला तो माणूस कमरेवर हात ठेवून बाहेर आला, आणि मुलगी त्याला ढकलूनच आत घुसली. तो भिंतीला धरून हसला. बायको गेल्यापासून वर्षभरात या घरात एवढा आरडाओरडा झाला नव्हता.

बायको रोज टेकडी चढायची. कधी डोकं दुखलं म्हणून पडून राहिली नाही. आजार मात्र आतल्या आत वाढत गेला, आणि कळला तेव्हा आतड्यातून यकृतापर्यंत पोचला होता. ती गेल्यावर तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, बहिणीने आणि मुलीने तपासून घ्यावं, हे रक्तातून येऊ शकतं. मावशीने महिन्याभरात तपासणी उरकली. काही निघालं नाही. मुलगी मात्र आज नको, उद्या बघू, करत राहिली.

ती मुलांना पोहायला शिकवायची. खांदे भक्कम, पोट सपाट.

"मी रोज पोहते. मला काय धाड भरलीये?" ती म्हणायची.

त्याने एकदा आपल्या परीने समजावलं. सोफ्याचं कापड वरून कोरं करकरीत असतं, पण उसवल्याशिवाय आतलं लाकूड कळत नाही.

"मी सोफा नाही, बाबा."

मग एके दिवशी भांडी घासता घासता तीच म्हणाली, "आई रोज टेकडी चढायची. काय उपयोग झाला? असेल ते असेल. मला नाही कळून घ्यायचं."

नळ बंद करून ती पाठमोरी उभी राहिली. हट्ट नव्हता तो. पोरीच्या पायाखालची जमीन सरकली होती.

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून तो एकटाच डॉक्टरीणबाईंकडे गेला.

"माझीही तपासणी करा. लेकीची ठरेल त्याच दिवशी."

"अहो काका, तुमचं आणि काकूंचं रक्ताचं नातं नाही."

"जन्मभर एका ताटात जेवलो, आणि नातं नाही म्हणता?"

डॉक्टरीणबाई हसल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या वयाला तशीही एकदा करायला हवीच. आणि मुलीला सांगा, आई चालत होती म्हणून तर तिने एवढे कडक उपचार सोसले. चालणं वाया नाही गेलं. पण चालून आतलं दिसत नाही, ते बघावंच लागतं."

घरी येऊन त्याने यातलं काहीच सांगितलं नाही. चपला काढता काढता एवढंच म्हणाला, "डॉक्टरीणबाईंनी मलाही बोलावलंय गं तपासणीला. एकट्याने जायची छाती होत नाही. मला भीती वाटते."

मुलीने त्या चपला कोपऱ्यात सरकवल्या. मग म्हणाली, "बरं. दोघांची एकदमच करून टाकू."

रात्रभराच्या धावपळीनंतर सकाळी तपासणी झाली. गुंगी उतरली तेव्हा दोघांच्या खाटा शेजारी शेजारी होत्या. मावशी बाहेर चहा शोधायला गेली होती. डॉक्टरीणबाई आत आल्या.

"तुमचं सगळं स्वच्छ आहे," त्या मुलीला म्हणाल्या. "पोहणं सोडू नका. आणि काही वर्षांनी पुन्हा यायचं, टाळाटाळ नाही."

मुलीने डोळे मिटून श्वास सोडला.

"काका, तुमच्या आतड्यात मात्र मांसाचा एक कोंब होता, पॉलिप म्हणतात त्याला. काढून टाकलाय. तपासायला पाठवला आहे, पण मला तरी तो वेळेत सापडलाय असं वाटतं. आणखी काही वर्षं तसाच राहिला असता, तर..."

मुलगी उठून बसली. "बरं झालं तुम्ही बाबांना बोलावून घेतलंत."

"मी कुठे बोलावलं? तेच येऊन मानगुटीवर बसले, लेकीच्याच दिवशी करा म्हणून."

डॉक्टरीणबाई पुढच्या खाटेकडे गेल्या. मुलगी बापाकडे वळली.

"मला भीती वाटते म्हणालात."

"वाटत होतीच की. खोटं कुठे बोललो?"

तिने चादरीच्या टोकाने नाक पुसलं. हात लांब करून त्याचं मनगट धरलं आणि तसंच धरून ठेवलं.

तो छताकडे बघत होता. डोळ्यांसमोर बायको होती. ओठ आधी नुसतेच हलले. मग शब्द फुटले.

"फार उपकार झाले गं तुझे."

उशाशी नर्स सलाईनची नळी काढत होती. तिला वाटलं, काका आपल्यालाच म्हणतायत.

"अहो काका, त्यात कसले उपकार? आमचं कामच आहे हे. उशी वर करू का?"

"कर," तो म्हणाला.