जयसिंगजींचा सत्कार

आम्ही चार मराठी माणसं एकत्र आलो की कुणाचा तरी सत्कार होतोच. झाशीत आम्ही मोजकेच, त्यामुळे हौस जरा जास्त.

लक्ष्मी ताल नावाच्या तलावाजवळ एका किराणा दुकानाच्या माडीवर जयसिंगजींची आर्ट गॅलरी होती. निवृत्त ड्रॉइंग मास्तर, पक्के बुंदेलखंडी. बारा वर्षांपूर्वी मी माझी चित्रं घेऊन शहरभर फिरले, तेव्हा सगळ्यांनी चहा पाजून वाटेला लावलं. यांनी चहा विचारला नाही, सरळ चित्रं भिंतीवर लावली. मला चित्रकार म्हणणारा हा पहिला माणूस. आमच्या घरात अजूनही कुणी म्हणत नाही.

मार्चमध्ये ते म्हणाले, "शलाकाजी, लगता है अब समेटना पड़ेगा." घरमालकाला, मऊरानीपुरच्या एका धान्यव्यापाऱ्याला, जागा परत हवी होती, कोचिंग क्लासला द्यायला. मी घरी येऊन ढसाढसा रडले आणि रडून झाल्यावर यादी करायला बसले. शाल, श्रीफळ, गुच्छ, मानपत्र. नचिकेत, माझा नवरा, सरकारी कंपनीत इंजिनियर. त्याच्या कॉलनीतली चाळीस माणसं गोळा केली. जयसिंगजींना मुद्दाम आधी सांगितलं नाही.

शनिवारी मानपत्र मीच वाचलं. वाचताना रडू आवरेना. ते खुर्चीत अवघडून बसले होते. दोन शब्द बोला म्हटलं तर नुसते हात जोडले. मला वाटलं, भारावलेत.

रविवारी पेपरात फोटो आला, 'कलादालनाला भावपूर्ण निरोप'. मी तो ओळखीच्या प्रत्येकाला पाठवला.

सोमवारी माझी चित्रं आणायला गेले. जयसिंगजी जमिनीवर बसून एकेक चित्र जुन्या चादरीत बांधत होते. वर न बघताच म्हणाले, "मालिक मान गए थे. उनकी बिटिया ने मना लिया था, दो साल और. इतवार को दस्तख़त करने आ रहे थे."

"मग?"

"अख़बार देख लिया. फ़ोन पर बोले, जब विदाई हो ही चुकी तो अब क्या. कोचिंगवाले को हाँ कह दी."

"अहो, मग शनिवारी बोलला का नाहीत? एक वाक्य तर होतं!" मी त्यांच्यावरच ओरडले. स्वतःवर ओरडायची हिंमत नव्हती.

"आप पढ़ते-पढ़ते रो रही थीं," ते म्हणाले. "बीच में कैसे टोकता?"

"मी जाते मऊरानीपुरला. पाया पडते त्यांच्या."

"मैं हो आया. सवेरे की बस से."

मला माफी मागायची होती. परवा पानभर मानपत्र घडाघडा वाचणाऱ्या मला एक वाक्य जमेना. त्यांनी चादरीचं टोक माझ्यापुढे केलं, "ज़रा पकड़िए." मी पकडलं. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी मिळून सगळ्या भिंती रिकाम्या केल्या.