दारात न मावलेली कॉट

मी एक जुनी, दुमजली, लोखंडी कॉट आहे. भोसरीच्या एका वस्तीत, चिमाबाईंच्या घरात बारा वर्षे उभी आहे. मित्रांनो, मला या घराबाहेर नेता येत नाही. असे का, ते माझ्या मापांवरूनच सांगते.

उंची : पाच फूट दोन इंच

१९७० सालचा श्रावण होता. वस्तीतला एक कामगार काविळीने गेला. त्याची बायको आदल्या वर्षीच गेली होती. मागे तीन मुले उरली. कस्तुरा नऊ वर्षांची, विलास सहाचा, आणि पंचशीला नुकती धावायला लागलेली. तेव्हा मी जन्मले नव्हते. हे मी पुढे वस्तीच्या तोंडून ऐकले.

चाकणजवळच्या गावाहून मुलांचे चुलते ज्ञानदेव आले. माणूस वाईट नव्हता, गरीब होता. विहारातल्या बैठकीत ते खाली बघत म्हणाले, "विलासला मी नेतो. तिघं न्हाई पोसवत मला. पोरींना आश्रमात घाला."

कस्तुराने विलासचा सदरा मागून मुठीत धरला, तो बैठक संपेपर्यंत सोडला नाही.

वस्तीने ठरवले, तिघांची ताटातूट करायची नाही. बारा घरांनी बारा महिने वाटून घेतले. एका घरी एक महिना.

"बोलाय सोपं हाय," ज्ञानदेव म्हणाले. "दहा बाय दहाची खोली तुमची. निजवणार कुठं? गुरुवारी येतो. जागा दिसली तर ठेवा, न्हाईतर पोरगा माझ्यासंगं येईल."

जमिनीवर जागा नव्हती. म्हणून भीमराज फिटरने वर बघितले. दोन मजल्यांची कॉट करायची, आणि ती मुलांबरोबर घरोघर फिरवायची. मी जन्मले ती अशी.

रुंदी : साडेतीन फूट

माझे अँगल एका वर्कशॉपच्या भंगारातले. मालकाने विचारले, कशाला हवेत? उत्तर ऐकले आणि वर चार पट्ट्या जास्त दिल्या. फळ्या मशिनच्या खोक्यांच्या. भीमराजने जेवणाच्या सुट्टीत भोके पाडली आणि एकेक तुकडा सायकलवर बांधून आणला.

बाहेर पावसाची झड होती, म्हणून जोडणी चिमाबाईंच्या खोलीत झाली. चिमाबाई एकट्या. कारखान्याच्या कँटीनमध्ये चपात्या लाटायच्या. जागा दिली, पण बजावून दिली. "ठोकाठोक करा खुशाल. पोरांचा महिना तेवढा माझ्याकडं धरू नका."

बारा घरांत त्यांचे नाव नव्हते. बायका त्यावर कुजबुजत.

"नट-बोल्ट टाक की," कुणीतरी भीमराजला म्हणाले.

"ढिले होतात राव. वर पोरगं निजणार. रिव्हेटच मारतो, ती पुन्हा सुटत न्हाईत. जन्मात हलायची न्हाई."

खरेच, मी आजवर हलले नाही.

दार : दोन फूट तीन इंच

गुरुवार. कारखान्यांना सुट्टी. पहिला महिना जाईबाईंकडे होता. सहा जणांनी मला उचलले. दाराशी आणले. अडकले. तिरकी केली. अडकले. आधी पाय बाहेर काढून पाहिले. पाय बाहेर, मी आत.

जाईबाईंनी कपाळावर हात मारला. "कंपनीत म्हणं सुताचा फरक धरता! अन् एवढं मोठं दार न्हाई दिसलं व्हय रे?"

"आयुष्य गेलं असल्याच दारांतून," कुणी पुटपुटले. कुणी हसले नाही, कारण गल्लीच्या तोंडाशी छत्री दिसली होती. ज्ञानदेव येत होते.

भीमराजने लोखंड कापायचा हॅक्सॉ काढला. "दोन तुकडे करतो. तिकडं जोडू."

"संध्याकाळ होईल रे. त्यांना काय दाखवायचं? भंगार?"

पाते माझ्या पायावर दोनदा फिरले. तेवढ्यात पिठाने भरलेला एक हात आला आणि त्याने पातेच धरले.

"ठेव ते," चिमाबाई म्हणाल्या.

"मावशी, हात कापंल—"

"ठेव म्हणते ना! मी नाव दिलं न्हाई ते काय उगंच? महिनाभर लळा लावायचा, अन् मग पोरं दुसऱ्याच्या दारात सोडायची. ते माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. ही बारकी तर बारा चुली वळखता वळखताच दमंल. ऱ्हाऊ दे कॉट हितंच. पोरंबी ऱ्हाऊ द्या."

"अगं, पण तिघांचं तू एकटी करणार?" जाईबाईंनी विचारले.

"एकटी कशानं? तुमी समद्या मेलात का काय?"

ज्ञानदेव आत आले. त्यांनी दोन्ही हातांनी मला गदगदा हलवले. मी कुरकुरले नाही. विलास केव्हाच वर चढून बसला होता. चुलत्यांनी त्याच्याकडे पाहिले. तो खाली उतरला नाही.

"मग मी काय करू?" ज्ञानदेवांनी विचारले.

"शेतातले बटाटे आणा," चिमाबाई म्हणाल्या. "अन् महिन्याला तोंड दाखवा. पोरांना आपलं माणूस दिसाय हवं."

गंज : मोजलेला नाही

मुले फिरली नाहीत, मित्रांनो, घरे फिरली. चिमाबाई कँटीनच्या कामावर असत तेव्हा जाईबाई पंचशीलाला सांभाळत. भीमराज विलासकडून पाढे म्हणून घेई. तो चुकला की सांगताना स्वतःही अडखळे. कुणी सदरा शिवला, कुणी शाळेत जाऊन मास्तरांशी भांडून आले. ज्ञानदेव दर महिन्याला पोते खांद्यावर घेऊन येत. लोक येता-जाताना माझ्या खांबावर हात ठेवून म्हणत, काय काम केलंय भीमराजनं! मी फुलून जाई.

आता कस्तुरा नर्स झाली आहे, दवाखान्याच्या क्वार्टरवर राहते. विलास आयटीआयला आहे आणि तिकडेच राहतो. खालच्या मजल्यावर पंचशीला निजते, तीही आता शेवटच्या फळीपर्यंत पुरते. वरच्या मजल्यावर जुन्या गाद्या आहेत, पितळेचे पातेले आहे. कुणी मला रंग लावला नाही. पायांना गंज धरला आहे.

एक हात रंग मिळाला तर आवडेल. पण मित्रांनो, त्याआधी वरच्या गाद्या उतरवा. पातेले खाली ठेवा. नव्या कारखान्यांच्या बांधकामांवर कितीतरी माणसे लांबून येतात, आणि त्यांच्यातही कुणाचे आईबाप जातात. एखादे मूल याच वेळी कुणाच्या तरी ओट्यावर, पाय पोटाशी घेऊन निजले असेल.

त्याला सांगा, जागा आहे.