गुळाबरोबर कडुनिंब

एकाहत्तर सालच्या पावसाळ्यात कलकत्त्याजवळ, डमडमच्या पलीकडे, ओसाड मैदानावर, सिमेंटच्या मोठमोठ्या नळांमध्ये माणसं राहत होती. पूर्व पाकिस्तानातून सरहद्द ओलांडून आलेली. झड लागली की नळ दिसेनासे व्हायचे, चुलींचा धूर तेवढा अधांतरी तरंगायचा, आणि कालिंदीला वाटायचं, आपण अजून झोपेतच आहोत.

ही नागपूरची बाई. बँकेतल्या नवऱ्याच्या बदलीमुळे कलकत्त्याला आलेली. घरी बसवेना म्हणून छावणीत जखमा धुवायला यायची. औषधांच्या बाटल्या केव्हाच संपल्या, तेव्हा तिथले डॉक्टर म्हणाले, "कडुनिंब आहे ना, तो उकळा." मग कालिंदी पाला उकळायची, गाळायची, कोमट पाण्याने जखमा धुवायची. आणि बऱ्याचशा सुकायच्या, बरं का!

नळात राहणारी सुचित्रा मात्र पाय पुढे करीना. येताना पत्र्याने टाच चिरलेली, ती आता चिघळली होती. असंच चाललं तर पाय जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"अगं, का जीव खातेस माझा?" कालिंदी मोडक्यातोडक्या बंगालीत करवादली.

"दीदी, मसणातून आल्यावर चावतात तो हा पाला." सुचित्राने पाय साडीखाली ओढून घेतला. "नवऱ्याची नि माझी वाटेत चुकामूक झाली. शेजारणी म्हणतात, पाला चाव, सिंदूर पूस. मी नाही त्याला शिवायची. मला परत जाऊन त्यांना शोधायचंय."

 ही रीत कालिंदीच्याही घरची होती. ती निंबाखाली जाऊन उभी राहिली. वरून थेंब ठिबकत होते आणि त्या कडवट वासात तिला माहेरचं अंगण दिसू लागलं, चैत्रातलं, रांगोळी घातलेलं.

थोड्या वेळाने सुचित्राच्या नळासमोर एक बांबू उभा राहिला. त्याला कालिंदीचा खण, निंबाची डहाळी आणि वर उपडा घातलेला, पाणी गाळायचा तांब्या. भर पावसाळ्यात गुढी! बघणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

"आमच्याकडे वर्षाच्या पहिल्या दिवशी हाच पाला गुळाबरोबर खातात," कालिंदी म्हणाली. "आज आमचा पाडवा. का म्हणून विचारू नकोस, मी म्हणते म्हणून! आण तो पाय."

सुचित्राला हसू फुटलं. हसता हसताच तिने पाय पुढे केला.

दुर्गापूजेचे ढाक-ढोल वाजू लागले तोवर ती लंगडत का होईना, चालायला लागली होती.

लढाई संपली. परतणाऱ्यांचे ट्रक लागले, त्याच सकाळी तिच्या गावचा एक म्हातारा तिला शोधत आला. तिच्या नवऱ्याला नदीकाठी त्यानेच अग्नी दिला होता.

 सुचित्रा उठली, टाच नीट टेकवत कालिंदीपाशी आली आणि तिने हात पसरला.

"दीदी, आता दे तो पाला."

डहाळी तोडताना कालिंदीला रडू आवरेना.

"तुमच्या पाडव्यासारखा दे," सुचित्रा म्हणाली. "मला अजून चालायचंय."

गूळ कालिंदीकडे कुठला असायला? तो शेजारणीच घेऊन आल्या, खजुराचा, नवा.