अर्ध्या डोक्याचं सुतक

पाम गावच्या केतनच्या डोक्यावर टोपी उगवली त्याला बरेच पावसाळे झाले. उगवली असंच म्हणायचं, कारण ती उतरलेली कुणी पाहिली नव्हती. बोईसरच्या रंगाच्या कारखान्यात हेल्मेटखाली टोपी, बाजारात टोपी, लग्नाच्या पंगतीत टोपी. बायको समिधा तर शपथेवर सांगायची, की अंघोळीला गेल्यावर हा माणूस आधी दिवा बंद करतो आणि मग टोपी काढतो. एकदा तारापूरच्या किनाऱ्यावर वाऱ्याने ती उडवली, तेव्हा पोहता येत नसताना केतन गळ्याइतक्या पाण्यात गेला होता. दर्यालाच दया आली आणि त्याने दोघांनाही परत आणून टाकलं.

टोपीखाली होतं ते असं. ऐन तिशीत पुढचे केस गेले, तेव्हा केतनने बोईसरमध्ये एका मोबाइलच्या दुकानावरच्या मजल्यावर केस लावून घेतले होते. डोक्याच्या मागचे केस मुळासकट उपटायचे आणि पुढच्या टकलावर रोवायचे, भाताची लावणी करतात तसे. पाटीवर डॉक्टरचं नाव होतं. पण सुई घेऊन बसलेला माणूस मधेच खाली जाऊन एका मोबाइलची काच बदलून आला, असं भुलीच्या गुंगीत केतनला दिसलं होतं. भास झाला असेल म्हणून त्याने ते सोडून दिलं. पुढे जे उगवलं तो मात्र भास नव्हता. कपाळाच्या वर सरळ रांगेत झुपके, दात घासायच्या ब्रशसारखे, आणि दोन झुपक्यांच्या मधे एखादी मुंगी संसार थाटेल एवढी मोकळी जागा. कारखान्यातल्या हर्षितने एकदाच पाहिलं आणि म्हणाला, "भाई, ये तो गुड़िया का सर है." त्या दिवशी टोपी चढली.

आता प्रश्न होता, पुन्हा करायचं का? हा प्रश्न केतनच्या ताटात असायचा, उशीखाली असायचा, मशीनच्या आवाजातही ऐकू यायचा.

"करून टाका नायतर सोडून द्या," समिधा म्हणाली. "मी टोपीशी लगीन लावलं नवतं."

"आणि परत तसंच झालं तर?"

"तर दोन टोप्या घाला. पन एक काय ते ठरवा. तिकडं तात्या खाटेवर पडलेत, त्यांच्याकडं बघायचं का तुमच्या कपाळाकडं?"

तात्या म्हणजे केतनचे वडील. चिकूच्या वाडीत जन्म गेलेला माणूस. थंडीत अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून ते मागच्या खोलीत खाटेवर होते. डावा हात निकामी, नजर अंधुक, आणि डोकं भरती-ओहोटीसारखं. भरतीला सगळं आठवायचं, ओहोटीला ते केतनलाच विचारायचे, "तुजा बाप कुठं गेला रे?" मुलगा टोपी का घालतो हे त्यांनी कधी विचारलं नाही. फक्त एकदा म्हणाले होते, "माज्या बापाचे केस मरताना पन काळे होते. तुजे कुनी नेले?" केतनला ते लागलं होतं.

शेवटी केतनने डॉक्टर शोधायला सुरुवात केली. मोबाइलच्या दुकानावरचे लोक म्हणाले, "टेन्शन मत लो भाई, इस बार जंगल उगा देंगे. डोकं भादरायची पण गरज नाही." दुसरा एक मुंबईहून दर रविवारी येणारा, हॉटेलच्या खोलीत बसून तपासणारा. त्याने केतनचं डोकं न पाहताच हमी दिली. टोपीवरूनच. तिसऱ्या होत्या पालघरच्या डॉक्टर चारुता. त्यांनी भिंग लावून केतनचं डोकं इतका वेळ पाहिलं, की त्याला वाटलं तिथे काही लिहिलेलं आहे.

"मागचे केस म्हणजे तुमची पुंजी," त्या म्हणाल्या. "पहिल्या माणसाने ती उधळली. आता जेमतेम एकदा पुरेल एवढी आहे. ते केसही बारीक होत चाललेत. फार थांबलात तर तीही जाईल."

"मग करायचं?"

"केलं तर हे झुपके झाकले जातील. घनदाट वगैरे काही होणार नाही. आणि पूर्ण डोकं भादरावं लागेल. त्याशिवाय मला कुठून काय काढायचं ते दिसणार नाही. नाही केलंत तरी चालेल. विचार करा."

नाही केलंत तरी चालेल, असं म्हणणाऱ्या या पहिल्याच डॉक्टर. केतनने तिथेच ठरवलं, की करायचं तर यांच्याकडूनच. माणूस बरोबर निवडला होता, यात शंका नाही. पुढचं सगळं त्या बरोबर निवडीतूनच झालं.

कारण अडचण वस्तऱ्याची होती. पाममध्ये बाप जिवंत असताना कुणी डोक्याला वस्तरा लावत नाही. उन्हाळ्यात केस बारीक करतील, उवा झाल्या तर कात्रीने छाटतील, पण गुळगुळीत डोकं बाप गेल्यावरच. भादरलेलं डोकं दिसलं की लोक काही न विचारता बायकोला हाक मारतात आणि सांत्वनाला निघतात. केतनने याच्यावर तोड काढली. पालघरला मावसभाऊ दिपेशकडे राहायचं, डोक्यावर काळं दिसायला लागलं की घरी यायचं. तात्यांना सांगायचं, कारखान्याने बाहेरगावी पाठवलं.

ठरल्या दिवशी पालघरला डोकं भादरलं गेलं. झुपकेसुद्धा गेले. आरशात केतनला एक अनोळखी, बराचसा देखणा माणूस दिसला आणि तो घाबरला. मग त्याला टेबलावर घेतलं, आणि रक्तदाबाच्या यंत्रावरचा आकडा काही केल्या खाली यायला तयार होईना. गोळी दिली, पाणी दिलं, समुद्राचा विचार करायला सांगितला. समुद्राचा विचार केल्यावर त्याला टोपी आठवली आणि आकडा आणखी वर गेला.

"आज नाही," डॉक्टर चारुता म्हणाल्या. "दाब आटोक्यात आला की बोलावते. तेव्हा पुन्हा भादरू."

असा माणूस: डोकं गुळगुळीत, आणि लावलेलं काहीच नाही. तो पायऱ्या उतरत होता, तेवढ्यात समिधाचा फोन आला. तात्या सकाळपासून सारखे केतन, केतन करतायत, पाणीही घेत नाहीत. केतनने दिपेशचं घर विसरून सरळ बोईसरची गाडी धरली. टोपी दवाखान्यातल्या खुंटीवरच राहिली.

बोईसरच्या रिक्षा थांब्यावर साखरबाई उभी होती. सुकी मासळी विकणारी, तात्यांच्या शेजारची. लेकीच्या बाळंतपणासाठी सफाळ्याला गेली होती, ती आजच परतत होती. साखरबाईच्या रडण्याची किनाऱ्यावर ख्याती होती. लोक सांगतात, एकदा ती एका मयताला इतकी रडली की मयताच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने लांबून केतनचं चकचकीत डोकं पाहिलं आणि तिची टोपली हातातून सुटली. दहावा होऊन गेला आणि आपल्याला कुणी कळवलंही नाही! केतनच्या रिक्षाला माणसं भरायची होती. साखरबाईने एकटीने अख्खी रिक्षा केली.

त्यामुळे घरी ती आधी पोचली. अंगणातूनच तिने सूर लावला.

"अगं माजे बाय, तात्या गेले गं! सोन्यासारका मानूस गेला आनि मला सफाळ्यात पत्ता नाय गं! कुनाच्या वाडीचं पानी तोडलं नाय, कुनाच्या पोराला चिकूला नाय म्हनलं नाय, बायको गेली तवा दुसरी केली नाय! असा मानूस आता पामात व्हनार नाय गं!"

समिधा धावत बाहेर आली. "साखरबाय, अवो काय करताय? तात्या हायत! आत हायत!"

"फोटू लावलास व्हय आत?"

"फोटू नाय, तात्या!"

पण साखरबाई एकदा सुरू झाली की मधे थांबवता येत नसे. आणि मागच्या खोलीत तात्या सगळं ऐकत होते. ओहोटीची वेळ होती. उभ्या आयुष्यात त्यांच्याबद्दल कुणी इतकं चांगलं बोललं नव्हतं. बायकोने नाही, भावाने तर नाहीच. ते शांतपणे ऐकत राहिले, आणि त्यांना हळूहळू पटत गेलं. तेवढ्यात धापा टाकत केतन आत शिरला. दारातून आलेला उजेड त्याच्या डोक्यावर पडला. तात्यांनी अंधुक डोळे बारीक केले, उजवा हात वर केला, आणि केतन वाकल्यावर त्याच्या डोक्यावरून फिरवला. गुळगुळीत. कपाळापासून मानेपर्यंत.

"नीट झालं ना रे सगळं?" तात्यांनी विचारलं. "लाकडं ओली नवती ना?"

"तात्या, तुमी काय बोलताय? तुमी जिते हायत!"

"मिशी ठेवलीस," तात्या म्हणाले. "असू दे. आताची पोरं पुरतं कुठं करतात."

त्या दिवसापासून तात्यांनी जेवण सोडलं. रागाने नव्हे, रीत म्हणून. मेलेल्या माणसाने घास घ्यायचा नसतो, एवढंच त्यांचं म्हणणं. समिधा पेज घेऊन गेली की ते अदबीने सांगायचे, "कावळ्याला ठेव, सुनबाय." साखरबाई डोळे पुसत येऊन माफी मागून गेली, तर तात्या तिला म्हणाले, "रडलीस बरी. उपकार झाले." गावातला डॉक्टर आला, नाडी पाहून म्हणाला, चालू आहे. तात्यांनी त्याच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. डॉक्टर काय बोलतो, आणि मुलाचं डोकं काय सांगतंय! कुणावर विश्वास ठेवायचा?

तात्या सुकत चालले. पोट खोल गेलं, गालांत सावल्या बसल्या. केतन खाटेशी बसून राही. टोपी घालायचंसुद्धा त्याच्या लक्षात राहत नव्हतं. एका सकाळी तो नुसताच खाटेच्या कडेला डोकं टेकून बसला होता, तेव्हा तात्यांचा हात चाचपडत त्याच्या मानेच्या वर आला आणि तिथेच थांबला. तिथे खरखरीत लागत होतं.

"हे काय?"

"केस, तात्या. येतायत परत."

तात्या बराच वेळ विचार करत होते. केस परत येतायत म्हणजे सुतक फिटतंय. सुतक फिटतंय म्हणजे... त्यांचा हात पुढे सरकला, टाळूवरून कपाळाकडे. तिथे काही नव्हतं. तिथे काही येणारही नव्हतं. कच्चे रोवलेले झुपके वस्तऱ्यात गेले ते परत धरले नव्हते आणि त्यांच्या जागी दोन-चार काटे तेवढे उभे होते.

"मागं जिता हाय," तात्या म्हणाले. "पुडं अजून सुतक हाय."

आणि त्यांनी अर्धी वाटी पेज घेतली. उरलेली अर्धी खिडकीत ठेवायला लावली.

तेव्हापासून तोच नेम पडला. रोज सकाळी केतन डोकं वाकवायचा, तात्या मागच्या केसांची बोटांनी पारख करायचे, अर्धं जेवायचे आणि अर्धं कावळ्याला. कावळाही असा, की जरा ताटकळत ठेवेल, आढेवेढे घेईल, तर शपथ. यायचा आणि लगेच शिवायचा. समिधाला ते बघवत नसे. इच्छा राहिली तर कावळा शिवत नाही म्हणतात. तात्यांच्या मेलेल्या अर्ध्याला काही मागायचंच उरलं नव्हतं.

अर्ध्या जेवणावर माणूस किती दिवस निघणार? तात्यांचं वजन चिकूच्या रिकाम्या करंडीएवढं झालं. समिधा त्यांना कुशीवर वळवायची तेव्हा तिला भीती वाटायची, की हातात नुसती गोधडी येईल.

मग पालघरहून डॉक्टर चारुतांचा फोन आला. "तुमचा दाब मधे तपासलात, तो आता ठीक आहे. या लवकर. मागचे केस माझ्या अंदाजापेक्षा भराभर बारीक होतायत, तुम्ही पाठवलेल्या फोटोत दिसतंय. आता नाही तर मग मी करणार नाही. कुणी करतो म्हणाला तरी करू नका."

केतन अंगणात उभा होता. दिपेश आलेला होता, तो बाजूने कुजबुजला, "जा रे. पुढचे केस आले तर तात्या पूर्ण जेवतील. त्यांच्यासाठीच कर."

केतनने हेच रोज उलटसुलट करून पाहिलं होतं. पुढे केस आले तर तात्या पुरते जिवंत होणार, हे खरं. पण पुढे केस यायला आधी मागचे भादरायला हवेत. आणि लावलेले केस वर यायला कितीतरी महिने. मधल्या काळात तात्यांच्या हाताला काय लागणार? गुळगुळीत, कपाळापासून मानेपर्यंत.

"मॅडम, नाय," तो म्हणाला.

"पुढे ढकलायचं?"

"नाय. सोडूनच द्यायचं."

मग डॉक्टर चारुता म्हणाल्या, "तुमची टोपी इथे खुंटीवर आहे अजून."

"राहू द्या."

दिपेश मान हलवत निघून गेला. समिधा दारात उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. ती आत गेली आणि तिने पेज गॅसवर ठेवली.

सकाळच्या उन्हात केतनचं कपाळ उघडं होतं. रस्त्याने कारखान्याच्या पहिल्या पाळीची माणसं चालली होती, त्यांतल्या दोघांनी वळून पाहिलं. केतन मागच्या खोलीत गेला, खाटेशी गुडघ्यांवर बसला आणि त्याने डोकं वाकवलं. तात्यांचा हात यायला आज वेळ लागला. बोटं मानेवर पडली, कानामागून वर आली. केस आता बोटात धरण्याएवढे झाले होते, पण विरळ, मऊ, लहान मुलाच्या जावळासारखे. तात्या ते चिमटीत घेऊन कितीतरी वेळ तसेच राहिले. मग हात पुढे सरकला आणि उघड्या कपाळावर थांबला.

"हितं कदी येतील रे?"

"येतील, तात्या," केतन म्हणाला.

समिधाने वाटी पुढे केली. तात्यांनी तिच्यातली अर्धी घेतली, त्यातलीही थोडी तोंडातून बाहेर आली, आणि खिडकीकडे बघून ते डोळे मिटून पडले.