फ्रीजला चार ओळी

सहा जानेवारीला आम्ही मैदानात लाकडं पेटवतो, खिडक्यांतले दिवे उतरवतो आणि ख्रिसमस संपला म्हणून एकमेकांचे हात हातात घेतो. मला त्या दिवसाचा संताप येतो. ऐन अंधारात दिवे उतरवायचे, ही अक्कल कुणाची? नोव्हेंबरच्या विसाव्या तारखेला सूर्य डोंगराआड जातो, तो अकरा फेब्रुवारीपर्यंत आमच्या खाडीत तोंड दाखवत नाही. डिसेंबर तरी कसाबसा सरतो. भाजणं-तळणं असतं, पाहुणे असतात, पाहुण्यांशी भांडणं असतात. खरा हिवाळा सात जानेवारीला लागतो.

तेव्हाच राजधानीहून एक पत्रक घरोघर येतं. वर पिवळा सूर्य छापलेला. दिव्यासमोर बसा, माशाचं तेल घ्या, रोज अर्धा तास मोकळ्या हवेत फिरा. त्या आठवड्यात मोकळ्या हवेनं दुकानाबाहेरची कचऱ्याची टाकी उचलून चर्चच्या दारात नेऊन ठेवली होती. पत्रक लिहिणारीला एकदा इथे आणून दोरीनं खांबाला बांधा आणि मग विचारा, बाई, झाला का अर्धा तास?

मी स्टेनवोर. मासळीच्या कारखान्यात कॉडचे काटे काढते, तेहतीस वर्षं झाली. सुट्टी दोनला होते. दोननंतर काय करायचं, हा जानेवारीतला खरा प्रश्न. मी कपाट आवरते. आवरलेलं पुन्हा उपसते. रेडिओ लावते, बंद करते, उठून खिडकीशी जाते, खिडकीत माझंच थोबाड दिसतं म्हणून परत येते. ह्याला उदासी म्हणतात म्हणे. उदास माणूस निदान एका जागी बसतो. आम्हाला बसवत नाही.

माझा भाऊ एगिल गाडी फिरवायचा. धक्क्यापासून घाटाच्या फाटकापर्यंत चार किलोमीटर. फाटक बर्फामुळे बंद, तिथून वळायचं, परत धक्का, परत फाटक. त्याच्या दिव्यांचा पट्टा माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवरून सरकत जायचा. मी मोजायची. एका दुपारी चौदा फेऱ्या. ओरडावंसं वाटायचं की अरे, थांब कुठेतरी! पण तो पट्टा आला नाही तर काय, ह्याची भीती त्याहून मोठी होती.

कारण सांगते. दोन जानेवारींपूर्वी शाळेतला बॉयलर सांभाळणारा थोरलाक गेला. आजारानं नव्हे, अपघातानंही नव्हे. गावात ह्याहून जास्त कुणी बोलत नाही, मीही बोलत नाही. आणि ह्या ऑक्टोबरमध्ये एगिलची बायको ब्योर्ग सामान बांधून राजधानीला बहिणीकडे गेली, ती आलीच नाही. एकसष्टाव्या वर्षी माणूस एकटा, वर जानेवारी. माझा भाऊ ह्या हिवाळ्यातून पार पडतो की नाही, एवढीच गोष्ट माझ्या डोक्यात होती. बाकी सगळं कपाट आवरणं.

आता जेवणाचं. थोरी हा आमच्या जुन्या पंचांगातला महिना, जानेवारीच्या शेवटाकडे लागतो. त्यात एका शनिवारी अख्खं गाव सभागृहात जमतं. आंबवलेला शार्क, मेंढीची होरपळलेली मुंडी, राय नावाच्या धान्याची काळी भाकरी, सोबत घसा जाळणारी दारू. पण लोक येतात ते गावाच्या हजेरीसाठी. वर्षभरात कुणी काय माती खाल्ली ते व्यासपीठावरून सगळ्यांसमोर वाचायचं. पाद्रीबाई सुटत नाही, सरपंचीण सुटत नाही. जेवणाच्या कमिटीत माणसं बदलतात, हजेरी लिहायचं काम मात्र अकरा वर्षं माझ्या गळ्यात. माझी शाळा सोळाव्या वर्षी सुटली, पण जीभ सुटली नाही.

ह्या वर्षीचा सगळ्यात मोठा विनोद एगिलचा होता. त्यात वादच नाही. आमच्या खाडीत एकच खडक आहे, म्हातारी म्हणतात तिला. तिच्यावर बोटींना सावध करणारा खुणेचा खांब आहे. जुलैत पंचायतीनं तो खांब लाल रंगवायचं काम एगिलला दिलं. त्यानं रंगवला. दुसऱ्या दिवशी दिवसाढवळ्या, समुद्र आरशासारखा सपाट असताना, त्याच एगिलनं आपली बोट नेऊन त्याच म्हातारीवर चढवली. चाळीस वर्षं ह्या पाण्यात काढलेला माणूस! कयाक म्हणतात ती चिंचोळी होडी वल्हवणाऱ्या एका प्रवाशानं त्याला किनाऱ्यावर आणलं, गुडघे पोटाशी घेऊन बसलेला. मी त्याच रात्री दोन पानं लिहिली होती.

कमिटीची बैठक दुकानामागच्या खोलीत झाली. दुकान ओडनी चालवते. तिचा आवाज इतका मऊ की तिच्याशी भांडताना उशीशी भांडल्यासारखं वाटतं.

"एगिलचं नको गं," ती म्हणाली.

"का?"

"का काय? बघतेयस ना त्याला. परवा दुकानात आला, दूध घेतलं, बाहेर गेला, परत आला, परत दूधच घेतलं."

"मग काय झालं? दूध लागतं माणसाला."

"स्टेनवोर." तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "थोरलाकवर आपण लिहिलं होतं. तो जायच्या आदल्याच वर्षी. शब्द लागतात माणसाला."

आपण म्हणाली. लिहिलं मी होतं. थोरलाकनं उन्हाळाभर शाळेची हीटिंग चालू ठेवली होती, त्यावर सहा ओळी. तो टेबलावर मुठी आपटून हसला होता. पण दोन वर्षं मी त्या सहा ओळी रात्रंदिवस चघळत होते आणि हे ओडनीला ठाऊक होतं. नेमकं तिथेच बोट ठेवलं तिनं, तेही इतक्या प्रेमानं.

मी दोन पानं फाडली. लोक मला निर्भीड म्हणतात. थू! जागा भरायला म्हणून दुकानातल्या बिघडलेल्या फ्रीजवर चार ओळी लिहिल्या, ज्यात गोठवलेल्या हॅडॉक माशाला घाम फुटला होता.

तिसऱ्याच दिवशी एगिल आला. ड्रिल मशीन परत द्यायला म्हणे. ते ड्रिल मी त्याला चार वर्षांपूर्वी दिलं होतं.

"कॉफी?"

"नको. अर्धा कप." बसला नाही. खुर्चीच्या पाठीवर बोटं वाजवत राहिला. "लिहून झालं का?"

"झालं बहुतेक."

"कोण कोण आहे?"

"आहेत नेहमीचे. पाद्रीबाईचा कुत्रा. ओडनीचा फ्रीज."

"हं." मग खिडकीकडे बघत, जसं काही सहजच, "आणि मी?"

मला वाटलं, घाबरलाय. मी ओडनीसारखा मऊ आवाज काढला, देव मला क्षमा करो. "नाही रे. तुझ्यावर काही नाही. काळजी करू नकोस."

त्यानं कप खाली ठेवला. कॉफी तशीच. "बरं," म्हणाला आणि गेला.

त्या दुपारी भिंतीवर पट्टा आला नाही. मी म्हटलं, डिझेल संपलं असेल. दुसऱ्या दिवशीही नाही. तीन वाजले, साडेतीन वाजले. मी भांडी घासली, घासलेली भांडी घासली, एक बूट चढवला, दुसरा सापडेना, तर ब्योर्गचाच इथे विसरलेला रबरी बूट अडकवला आणि तशीच निघाले.

दार उघडं होतं. एगिल स्वयंपाकघरात अंधारात बसला होता. कोट घातलेला, हातात गाडीची किल्ली. जायला निघालेला माणूस मध्येच बसून राहावा तसा.

मी दिवा लावला. "काय चाललंय?"

"काही नाही."

"गाडी का नाही काढलीस?"

"कुठे न्यायची?"

मी उभीच राहिले. मला आडून आडून बोलता येत नाही आणि त्या दोन दिवसांत मी जेवढं आडून बोलले तेवढ्यानंच तोंड आंबलं होतं. "एगिल, थोरलाकनं केलं तसं काही करायचं डोक्यात आहे का तुझ्या?"

त्यानं माझ्या पायांकडे पाहिलं. एक चामड्याचा बूट, एक रबरी.

"सकाळी नसतं," तो म्हणाला. "तीनच्या सुमाराला येतं."

सांगितलं तरी त्यानं. मी मूर्ख नाही. तिथल्या तिथे, त्याच्यासमोर, जिल्ह्याच्या डॉक्टरीणबाईला फोन लावला. ती त्याच्याशी वीस मिनिटं बोलली. तो हं, हं करत राहिला. घाट उघडला की सोमवारी येते म्हणाली, तोवर रोज फोन करीन म्हणाली. चांगली बाई. पत्रकवाली नव्हे.

फोन ठेवल्यावर मात्र माझा भाऊ भडकला. ऑक्टोबरपासून पहिल्यांदा.

"फ्रीजला किती ओळी दिल्यास?"

"काय?"

"फ्रीजला! ओडनीच्या फ्रीजला किती ओळी?"

"चार."

"फ्रीजला चार. कुत्र्याला?"

"सहा."

"कुत्र्याला सहा! आणि मला शून्य. मी दुकानात शिरलो की आवाज खाली जातात. बोटीचं कुणी नाव काढत नाही. सहा महिने, बाई, सहा महिने! मी स्वतः काढलं परवा बंदरावर, म्हातारीचं, तर तिथले म्हणाले, जाऊ दे एगिल, होतं असं. होतं असं? कुणाचं होतं असं? ह्या खाडीत तीनशे वर्षांत कुणाचं झालं नाही! आणि तू, तू तर थोरलाकलासुद्धा सोडलं नाहीस."

"म्हणूनच तर!" मी ओरडले. "तो गेला म्हणूनच!"

"तुझ्या सहा ओळींनी गेला? एवढी मोठी लेखिका झालीस?" त्यानं किल्ली टेबलावर फेकली. "त्या ओळी बॉयलरच्या दारावर चिकटवलेल्या होत्या त्यानं. अजून आहेत. जाऊन बघ."

मी दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन बघितल्या. कडेनं तेलाचे डाग पडलेत. खाली त्यानं पेन्सिलीनं लिहिलंय: 'ऑगस्टमध्ये बंद केली होती. बाई खोटं बोलते.'

तिथून घरी येऊन मी लिहायला बसले. एगिलला काही सांगितलं नाही. विचारून केलेली मस्करी ही मस्करीच नव्हे. पण लिहिताना चारदा उठून कपाट आवरलं, हे लपवत नाही. डॉक्टरीणबाईला मात्र वाचून दाखवलं. ती हसली, मग म्हणाली, "त्याला तू ओळखतेस, मी नाही. पण वाचून झालं की त्याच्या जवळपासच थांब, लांब जाऊ नकोस."

शनिवारी संध्याकाळी ओडनी पडद्यामागे आली. तिला पानं दिसली. "तू हे वाचणार नाहीस."

"वाचणार."

"काही झालं तर तुझ्या अंगावर येईल."

"येऊ दे. नाही वाचलं तरी माझ्याच अंगावर येणार आहे. तू शार्क काप जा."

दीडशे माणसं. पाद्रीबाईच्या कुत्र्यावर छप्पर उडालं. फ्रीजवर बरे हसले. एगिल मागच्या टेबलाच्या टोकाला, दाराजवळ, कोट न काढता बसला होता. समोरच्या मुंडीला त्यानं हात लावला नव्हता.

मी पान उलटलं. "आता म्हातारीकडे वळू," म्हटलं.

सभागृह गार पडलं. चमचे थांबले. मी वाचत गेले. लाल रंग, आरशासारखं पाणी, नऊ नॉटचा वेग. कुणी हसलं नाही. एका बाईनं तोंडावर हात धरला, तो हसू दाबायला नव्हता. मी थांबू शकत होते. कपाळावरून घाम चष्म्यात उतरत होता. मी पुढचं वाचलं.

"ब्योर्गनं सदतीस वर्षं ह्या माणसाला सहन केलं. मग एका दुपारी त्यानं अख्ख्या गावादेखत दुसऱ्याच म्हातारीला मिठी मारली. सांगा, कोणती बायको थांबेल?"

बाहेर वारा पत्रा हलवत होता तेवढा ऐकू आला. ओडनी पडद्याशी डोळे मिटून उभी.

एगिल उठला. खुर्ची मागे सरकली तो आवाज माझ्या दातांत गेला. दार त्याच्यापासून दोन पावलांवर होतं.

"सात," तो म्हणाला.

मी चष्मा काढून पदराशिवाय, बाहीलाच पुसला.

"नऊ नॉट नव्हे, सात. माझी बोट नऊनं जातच नाही, तुला चांगलं माहीत आहे. आणि भरती होती, म्हातारी पाण्याखाली होती. लिहायचं तर नीट लिहावं."

मग बंदराच्या टेबलावरून कुणीतरी विचारलं, "एगिल, रंग तरी वाळला होता का रे?"

"कुठला वाळतोय! बोटीच्या नाकावर अजून लाल आहे!"

तेव्हा सभागृह फुटलं. नुसतं हसणं नव्हतं ते, सहा महिने दाबून ठेवलेलं काहीतरी सुटलं. लोक टेबलावर डोकी टेकून हसले. जुलैपासूनचे सगळे टोमणे एकदम बाहेर आले, एकावर एक, आणि एगिल उभा राहून प्रत्येकाला उत्तर देत होता. चिडून. तो हसत नव्हता. कोट मात्र त्यानं कधीतरी काढला होता.

मला वाटलं, झालं, सुटलो. असं कुठे असतं? रविवारी जानेवारीच होता. घाट बंदच होता.

सोमवारी डॉक्टरीणबाई आलीच नाही, गुरुवारी आली. गोळ्या दिल्या, बोलली, परत येते म्हणाली. पण त्याच सोमवारी तीनला माझं दार वाजलं होतं. एगिल होता. काखेत भरती-ओहोटीचं गेल्या वर्षीचं पुस्तक.

"बघ. अठरा जुलै. दोन वाजून दहा मिनिटं. भरती."

"तू चढलास चारला."

"साडेतीनला."

"कयाकवाल्यानं चार सांगितलं."

"त्या कयाकवाल्याकडे घड्याळ होतं का? बघितलंस तू?"

"आणि भरती असली तरी खांब दिसतोच की! तुझाच रंग, लालभडक!"

"म्हणजे ओहोटी नव्हती, कबूल ना?"

मंगळवारी तीनला ब्योर्गचा मुद्दा आला. ती सदतीस नव्हे, छत्तीस वर्षं राहिली म्हणे. बुधवारी परत भरती. अकरा फेब्रुवारीला सूर्य यायचा होता, गावानं पातळ धिरडी केली, कॉफी केली आणि आभाळ असं गच्च की डोंगरसुद्धा दिसेना. आम्ही धिरडी खाल्ली आणि वेगावरून भांडलो.

काल तीन वाजून गेले. केटली उकळून बंद झाली. सव्वातीन. मी खिडकीशी गेले, परत आले, कपाट उघडलं, बंद केलं. तीन वाजून वीस. बूट शोधायला लागले.

भिंतीवरून पट्टा सरकला. आणि दार उघडायच्या आधीच त्याचा आवाज आला, "डच होता तो! कयाकवाला! मी पत्र लिहून वेळ विचारलीय त्याला!"

मी म्हटलं, "चिखलाचे बूट बाहेर काढ."