चिंचोक्यांची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी पेटी आहे. उजव्या कुशीला पितळी दांडा, समोर काचेची खिडकी आणि खिडकीमागे चित्रं रंगवलेली तीन चाकं, असा माझा जन्मापासूनचा थाट होता. माझ्या फटीत चिंचोका टाकायचा आणि दांडा ओढायचा. चाकं गरगर फिरायची. तिन्ही चाकांवर एकच चित्र ओळीने थांबलं, की मी ओंजळभर चिंचोके खाली सोडायची. नाही थांबलं, तर टाकलेला चिंचोका माझ्या पोटात राहायचा. पैसा मात्र मी आयुष्यात कधी गिळला नाही.

बुऱ्हाणपूरच्या लालबागेत लीलाधर मिस्त्रींच्या हातून मी घडले. देश नुकताच स्वतंत्र झाला होता आणि एकेक संस्थान विलीन होत होतं. अशाच एका लहान संस्थानाच्या क्लबातलं सामान लिलावात निघालं. त्यातलं एक विलायती जुगाराचं मशीन गिरधरशेठ नावाच्या लॉजमालकाने उचललं आणि आपल्या लॉजच्या ओसरीवर मांडलं. नाणं टाका, दांडा ओढा, नशीब बघा. गावाला ही वस्तू नवी होती. तिच्यावरच्या लाल जोडफळांचं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून लोक त्यांना करवंदं म्हणायचे.

तिथे रोज जाणाऱ्यांत अनंता होता. चौकात त्याचं कापडाचं दुकान होतं. माणूस हसरा, कोणालाही नाही न म्हणणारा. त्याची बायको विमल घरी शिवणाच्या मशीनवर परकर-पोलकी शिवायची. अनंताचा थोरला भाऊ वसंत शाळेत गणित शिकवायचा. वडील लवकर गेल्यामुळे त्यानेच अनंताला वाढवलं होतं. समजावून, रागावून, शपथा घालून वसंतमास्तर थकले. मग त्यांच्या मनात आलं, की घरातच तसं मशीन ठेवावं आणि पैशांऐवजी चिंचोके द्यावेत. टोपली रिकामी होताना अनंता स्वतःच्या डोळ्यांनी बघेल आणि शहाणा होईल.

लीलाधर मिस्त्रींनी शेठचं मशीन एकदा दुरुस्त केलं होतं. म्हणून मास्तरांनी त्यांनाच पेटी करायला सांगितली आणि त्यांनी मास्तरांसमोर दोन पेट्या ठेवल्या.

"ही पहिली खेळन्यातली, मास्तर. पोपट, मोर, आंबा. घडीघडी बक्षीस देते. आन् ही दुसरी एकदम हूबेहूब. तितकीच चित्रं, तोच खटका, आवाजबी तोच. बोला, कोनती देऊ?"

मास्तरांनी पहिलीचा दांडा एकदाच ओढला. माझा मात्र पुन्हा पुन्हा ओढला आणि कान लावून खटका ऐकला.

"हीच द्या," ते म्हणाले. "खोटी वाटली, तर तो हातसुद्धा लावणार नाही. खऱ्यासारखीच पाहिजे."

मित्रांनो, तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता! मी निवडली गेले होते.

मास्तरांच्या ओटीवर माझी स्थापना झाली. लोक मुद्दाम मला बघायला येत आणि लीलाधर मिस्त्रींच्या कारागिरीला वाहवा देत. अनंता आला. त्याने दांडा ओढला आणि त्याचा चेहरा खुलला. "दादा, ही तर तीच!"

टोपली रिकामी झाली. मास्तर म्हणाले, "बघितलंस? सगळं पेटीच्या पोटात गेलं."

अनंता मोकळेपणाने हसला. "मग काय झालं? टोपली परत भरा की!"

मास्तरांचं गणित तिथेच चुकलं होतं, पण ते त्यांना दिसलं नाही. माझी चाकं खरी होती, खटका खरा होता. हरणं तेवढं खोटं होतं. चिंचोके गेले म्हणून कोणाच्या पोटात खड्डा पडत नाही.

अनंता रोज येऊ लागला. दुकान नोकरावर टाकून तो माझ्यासमोर बसायचा. आणि एका दुपारी माझ्या खिडकीत तीन घंटा ओळीने थांबल्या. चिंचोके भरभर ओटीवर सांडले.

"दादा, मशीनचं मन कळलं मला!" तो उभा राहून ओरडला. "दांडा हळू ओढायचा आणि शेवटी झटका द्यायचा."

"अरे, दांडा कसाही ओढ. चाकांना काय कळतंय?"

"तुम्ही पुस्तकातलं सांगता. मी हाताने शिकलोय."

त्याच संध्याकाळी तो लॉजवर गेला. तिथे पहिल्यांदा त्याला मिळालंही. त्याने घरी जिलबी आणली. त्यानंतर काही आणलं नाही. दुकानातले कापडाचे तागे कमी होत गेले. मग दुकानाला दुसऱ्याचं कुलूप लागलं. एके दिवशी विमल तापीवर गेलेली असताना त्याने तिचं शिवणाचं मशीन हातगाडीवर घातलं आणि विकून टाकलं. सुईत दोरा तसाच होता आणि तिच्या एका गिऱ्हाईक बाईचं अर्धं पोलकं जमिनीवर पडलं होतं.

विमल मास्तरांकडे आली. थोरल्या दिरासमोर ती कधी मोठ्याने बोलली नव्हती. त्या दिवशी मात्र दाराआड न थांबता ती ओटीवर आली.

"दादा, बाजारातलं मशीन बाजारातच होतं. तिथून हे कधीतरी परत आले असते. पण ते घरात तुम्ही आणलंत. तुमच्या ओटीवर बसून हे शिकले."

मास्तरांची पत्नी निर्मला तिचा हात धरायला पुढे झाली. विमलने हात सोडवला आणि ती शाहपूरला माहेरी निघून गेली. तिला आणायला कोणी गेलं नाही, कारण अनंता लॉजवर होता.

पुढे तो तिथेच राहिला. मशीन पुसायचं, नव्या गिऱ्हाइकाला दांडा कसा ओढायचा ते दाखवायचं, हे त्याचं काम. त्या बदल्यात शेठ त्याला दोन वेळचं जेवण द्यायचा. मास्तर त्या रस्त्याने जायचे सोडून लांबच्या वाटेने शाळेत जाऊ लागले.

मग विलायती मशीनची आतली स्प्रिंग तुटली. तिच्या मापाची दुसरी कुठे मिळेना. तेव्हा अनंता भावाच्या दारात आला.

"दादा, शेठने पेटी मागितली आहे. फट थोडी कोरून घेतली की नाणी जातील म्हणतात."

"तू शेठचा माणूस म्हणून आलास, की माझा भाऊ म्हणून?"

 अनंताने माझ्या काचेवरची धूळ बाहीने पुसली आणि विचारलं, "आवाज अजून तसाच आहे का हो?"

मास्तर उठले. पेचकस घेऊन त्यांनी माझी पाठ उघडली आणि पहिलं चाक बाहेर ओढलं.

"दादा, नका! पाया पडतो, नका!" अनंताने त्यांचा हात घट्ट धरला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

मास्तरांनी हात सोडवून घेतला. "विमल गेली तेव्हा असा ओरडला असतास, तर..."  त्यांनी तिन्ही चाकं काढली आणि न्हाणीघरातल्या बंबात घातली. निर्मलाने अनंतापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. त्याला न शिवताच तो लॉजकडे परत गेला.

त्या दिवसापासून मी माळ्यावर आहे. मास्तर गेले, निर्मलाबाईही गेल्या. घरातली नवी माणसं कधी साफसफाईत मला खाली घेतात. "काय सुंदर काम आहे! चाकं बसवून घेऊ, बैठकीत शोभेल," असं म्हणतात. तेव्हा माझ्या सागवानाला कापरं भरतं.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुमच्याकडे काळजी मागतात. मी ती मागत नाही. मला वाळवी लागली तर लागू द्या, चुलीत घातलंत तरी तक्रार नाही. माझी दुरुस्ती तेवढी करू नका.